उत्तराचा रकाना

“ते पोरगं सांगंल की, सर!” असं म्हणून तो मान खाजवायचा, आणि मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

कोल्हापुरातल्या आमच्या डी.एड. कॉलेजात मी पाठाच्या टाचणवह्या तपासतो. भावी शिक्षक वर्गावर जाण्याआधी एका रकान्यात आपला प्रश्न लिहितात आणि शेजारच्या रकान्यात मुलांचं अपेक्षित उत्तर. हा गडी तो दुसरा रकाना कोराच ठेवायचा. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

वय पस्तिशीचं. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत दहा वर्षं लोखंड ओतलं आणि नोकरी सोडून इथे आला. हल्ली डी.एड.ला फिरकतंय कोण? तरी प्रवेशाच्या वेळी आम्ही सगळ्यांना विचारतो, शिक्षक का व्हायचंय? पिढी घडवायची वगैरे घोकलेली उत्तरं येतात. तुम्हीही ऐकली असतील. हा म्हणाला, “चौथीत एकदाच हात वर केलता. उत्तर पुस्तकातलं न्हवतं. गुरुजींनी समद्या वर्गाला हसवलं. त्यानंतर दहावीपातुर हात वर केला न्हाय बघा.”

सातवीच्या वर्गावर त्याचा परीक्षेचा पाठ होता, आणि परीक्षक मीच. यात पास झाला तरच तो मास्तर होणार होता. त्या दिवशी रकाना भरलेला पाहून मला हायसं वाटलं. प्रश्न होता, द्रवरूप धातू सांगा. अपेक्षित उत्तर, पारा. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “लोखंड.” वर्ग खो खो हसला.

त्याने खडू खाली ठेवला. “हसायचं न्हाय. कुटं बघितलंस, बाळ?”

“पप्पा ओतत्यात. पाण्यागत व्हातंय म्हनत्यात.”

“खरं हाय. म्या सोता ओतलंय.” बाही वर करून त्याने भाजल्याचे डाग दाखवले. मग ती बोलत राहिली, हा ऐकत राहिला, आणि तास संपला. पारा राहिला, फळ्यावरचा सारांश राहिला, गृहपाठही राहिला. मी नियमावर बोट ठेवून शेरा लिहिला: पाठ अपूर्ण, अनुत्तीर्ण.

फेरपरीक्षेला तो आलाच नाही. पुन्हा भट्टीवर गेला असं कळलं. माझी मलाच लाज वाटली, अजूनही वाटते.

त्याची वही माझ्या कपाटात आहे. आता मी प्रत्येकाला टाचणात एक उत्तर कोरं ठेवायला लावतो. परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, इथं काय लिहू?”

“ते पोरगं सांगंल की,” मी म्हणालो. एवढंच मला त्या दिवशी सुचलं असतं, तर आज तो वर्गात असता.