पुस्तकात नसलेली बाई

श्यामसुंदर टिपणीस यांना खोटं बोलता येत नसे. ऑफिसला दांडी मारायची तर ते आधी खरोखर आजारी पडत. तुर्भ्याच्या ज्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते, तिथे चार बोल्ट कमी भरले तरी चेहरा चोरासारखा करून स्वतःच साहेबापुढे जाऊन उभे राहत. असा हा माणूस दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी नऊ वाजता, सोसायटीच्या जमिनीलगतच्या पाण्याच्या टाकीवर चढून तासभर बेधडक थापा मारी. आणि आपण थापा मारतो आहोत याचा त्याला पत्ताही नसे.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या नेरूळची. इमारती नव्या, झाडं काठीएवढी आणि माणसं एकमेकांना अजून मजल्याच्या नंबरावरून ओळखणारी. अशा जागी सुमेधाताई कारखानीस यांनी वॉचमनच्या रिकाम्या खोलीत वाचनालय काढलं. दोन लोखंडी कपाटं, त्यातलं एक मुलांचं. ताई शिक्षिका होत्या, त्यामुळे मुलांना वाचनाची गोडी लागलीच पाहिजे, असं त्यांनी वेळापत्रकच आखलं होतं. टिपणिसांनी शनिवारी दादरला जाऊन नवी बालपुस्तकं आणायची आणि रविवारी मुलांना त्यांची ओळख करून द्यायची.

आता ती पुस्तकं! कागद गुळगुळीत, चित्रं रंगीत, आणि मजकूर मुलांवर रागावून लिहिल्यासारखा. टिपणीस परतीच्या बसमध्ये ती चाळायला घेत आणि चेंबूर येईपर्यंत खिन्न होत. एका पुस्तकात सशाला वक्तशीरपणाचं महत्त्व पटे, दुसऱ्यात एक मुलगा बत्तीस पानं दात घासे. ही पुस्तकं आपण कुठल्या तोंडाने मुलांच्या हातात देणार? मग टाकीवर उभं राहिल्यावर त्यांच्या तोंडून आपोआपच सशामागे तरस लागे आणि दात घासणाऱ्या मुलाच्या घरात भुयार निघे. आळणी आमटीत जाता जाता चिमूटभर मीठ टाकावं, इतक्या सहज. मुलं तोंड उघडं टाकून ऐकत आणि पुस्तकावर झडप घालत. घरी दोन पानं वाचून भुयार सापडलं नाही, की ‘पुढे असेल’ म्हणून पुस्तक उशाशी ठेवत आणि आठवड्याने परत करत. शेवटपर्यंत कुणीच वाचत नसे. म्हणून टिपणिसांचं नाव चांगलं होतं.

शेवटपर्यंत वाचलं ते एकट्या कमळीने.

कमळी शेजारच्या शिरवणे गावची. आई चंदा सेक्टरच्या नाक्यावर मासे विकायला बसे, बाप धर्मा एका कंपनीत रात्रपाळीचा वॉचमन. पोरगी नुकतीच चौथी पास झालेली. आईची पाटी पोचवून ती कंपाउंडच्या भिंतीशी उभी राही आणि टाकीवरच्या काकांकडे एकटक बघे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी काकांनी ‘दीपगृहाचा पहारेकरी’ हे पुस्तक हातात घेतलं. पुस्तकात काय होतं? दिव्याच्या भिंगाची माहिती, तेलाचं प्रमाण, आणि एकदाही डुलकी न घेतल्याबद्दल पहारेकऱ्याला मिळालेलं प्रशस्तिपत्रक. पण टिपणीस बोलायला लागले आणि वादळ सुटलं. पहारेकरी तापाने फणफणला. तेल संपलं. मग त्याची बायको हातात कंदील घेऊन वर सज्जात चढली. काच तडकली, तिने ज्योतीला पदराचा आडोसा केला. पदर पेटला, तरी होड्या किनाऱ्याला लागेपर्यंत ती हलली नाही.

सुमेधाताईंनी चष्मा पुसला. कमळीने पुढे येऊन दोन्ही हात पसरले, आणि ताईंनी सभासदत्वाचा नियम विसरून पुस्तक तिला दिलं.

त्यानंतर कमळी फिरकली नाही. महिनाअखेरीला टिपणीस पिशवी घेऊन नाक्यावर गेले.

“या काका. कोलंबी बगा, अजून उड्या मारते.”

“ती उड्या मारते, भाव तिच्याही वर. चंदाबाई, तुमची कमळी कुठे असते? पुस्तक राहिलंय तिच्याकडे.”

“आनून देईल. आता पुस्तकाचं काय काम न्हाय तिला. जूनपास्नं हितंच बसंल माझ्या बाजूला.”

“का? पाचवीत जायची होती ना?”

“व्हती.” चंदाने कोलंबी पिशवीत ओतली. “मीच बोलले व्हते. तुमी सांगितलेली ती कंदीलवाली बाय, ती पोरीनं मना घरी येऊन सांगितली. मी बोलले, ती मना पुस्तकातनं वाचून दाखव, पाचवीत घालते. चार दिस वाचत व्हती. पयल्या पानापास्नं शेवटापरत. बाय काय गावली न्हाय तिला.”

शेजारची जाईबाई बोंबलांवरच्या माश्या वारत हसली. “शब्द खाल्ले असतील पोरीनं.”

“तेच ना! चार वर्सं सालेत गेली नि येवढी मोठी बाय दिसत न्हाय तिला. मंग काय उपेग? हितं मासा तरी वलखते.”

टिपणीस उभेच राहिले. पिशवीतलं पाणी बुटावर गळत होतं. क्षणभर त्यांना वाटलं, पुस्तकाचं पान निसटलं असेल, दुकानदाराला पत्र लिहावं. मग त्यांना बसमधला तो कंटाळा आठवला, आणि ती बाई कुठून आली तेही आठवलं. बावन्नाव्या वर्षी, मासळीच्या पाटीपुढे, त्यांना पहिल्यांदाच कळलं की आपण खोटं बोलतो.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते शिरवण्याला गेले. कबुलीजबाब त्यांनी ऑफिसच्या पत्रासारखा मुद्देसूद पाठ केला होता. चंदा ओट्यावर बसून कोयता घासत होती. धर्मा आत झोपला होता, त्यामुळे सगळं दबक्या आवाजात बोलायचं होतं. कमळी दाराशी उभी राहिली. पुस्तक तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं होतं.

“चंदाबाई, पोरीची काही चूक नाही. ती बाई पुस्तकात नाहीच. मी ती मनाने घातली.”

चंदा त्यांच्याकडे बघून हसली, अगदी मायेने. “काका, तुमी मानूस चांगला. पोरीची बाजू घेता.”

“अहो, खरं सांगतोय! मी खोटं बोललो.”

“तुमी? तुमी तर मासा घेताना पन खोटं बोलत न्हाय. म्हनून तर जाईबाई तुमाला महाग लावते.” तिने कोयता बाजूला ठेवला. “नि असली बाय कुनी मनानं घालतं का? हिचा बाप पयले खाडीत जालं टाकाया जायचा, तवा मी उबी र्‍हायली हाय बांदावर, कंदील घेऊन. वारा आला का काच कशी तडकते, ज्योतीला पदर कसा धरतात, ते मना म्हाईत हाय. तुमाला कसं म्हाईत असंल? तुमी ऑपिसातलं मानूस. ते पुस्तकातच असनार.”

लेखक म्हणून एवढी दाद कुणालाच मिळाली नसेल, आणि ती त्यांना गळफासासारखी लागत होती. त्यांनी कमळीकडून पुस्तक घेऊन स्वतः वाचून दाखवायला सुरुवात केली. भिंग, तेल, प्रशस्तिपत्रक. चंदा मान पुढे काढून बाईची वाट बघत होती. शेवटचं पान संपलं.

“बाय वाचताना गाललीत तुमी,” ती म्हणाली. “पोरीसाठी मुद्दाम गाललीत. कलतं मना.”

“मग तिलाच वाचू द्या. तुमच्यासमोर. मी बोलत नाही.”

कमळी पुढे आली. ओळीखाली बोट धरून तिने वाचायला सुरुवात केली. प्रशस्तिपत्रक, परावर्तन, कर्तव्यनिष्ठा. जिथे मोठी माणसं अडखळली असती तिथे ती अडखळली नाही. स्वल्पविरामाला थांबत होती, पूर्णविरामाला श्वास घेत होती. टिपणिसांनी आयुष्यात इतकं स्वच्छ वाचन ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं, आता तरी या बाईला पटेल.

पोरीने पुस्तक मिटलं. चंदाने सुस्कारा सोडला.

“बगा,” ती म्हणाली, “परत न्हाय गावली.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने कोयता उचलला आणि पुन्हा घासायला घेतला.

कमळी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आली. रस्ता आला तेव्हा टिपणीस म्हणाले, “तुला माहीत होतं ना, बाई पुस्तकात नाही ते?”

“हो. धा वेला वाचलं मी.”

“आईला तर अक्षर येत नाही. मग तू मधेच कुठेतरी सांगून टाकायचंस तिला, ही बघ बाई, ही बघ कंदील घेऊन निघाली. मी सांगितलं होतं तसंच. पाचवीत गेली असतीस.”

कमळीने त्यांच्याकडे बघितलं. शाळा बुडाल्यापेक्षा या प्रश्नाचंच तिला जास्त नवल वाटल्यासारखं दिसलं.

“पन तिथं लिवलं नव्हतं ना, काका,” ती म्हणाली.

तिने पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि ती घरी परत गेली. टिपणीस पुस्तक घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. बस आली, थांबली, कंडक्टरने विचारलं, “येनार का?” त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कंडक्टरला कळलं नाही, आणि त्याने घंटी मारून बस सोडली.