जळक्या नोझलची माळ

इंद्रभानच्या वर्कशॉपच्या दारात अकरा जळकी नोझलं तारेत ओवून टांगली होती. बाजूच्या भिंतीवर खडूनं लिहिलं होतं, 'शीलाची कमाई'. ओवणारा इंद्रभान, लिहिणाराही तोच. शेलूबाजारच्या हमरस्त्यावरचं वर्कशॉप ते. पेरणीयंत्राचा फाळ न्यायला आलेला माणूस आधी माळ बघायचा. मग शीलाकडे बघायचा. मग हसायचा.

शीला चव्हाण मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. लहानपणी चार हंगाम तिनं उसाच्या फडात काढले. पाचव्या हंगामाला ऊसतोडीची गाडी दारात आली तेव्हा ती घराच्या खांबाला मिठी मारून बसली. कुणाला सोडवता आली नाही. म्हणून आई, धनीबाई, मागं राहिली आणि पोर शिकली. आयटीआय झाली. आता ती इंद्रभानचं प्लाझ्मा कटिंगचं मशीन चालवायची. "आमची शीला असे फाळ कापते, पाहून घ्या," असं इंद्रभान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. माळ टांगेपर्यंत सांगायचा.

दिवाळीआधी आलेलं हे नवं मशीन पहिल्या दिवसापासूनच वाकड्यात शिरलं. कापता कापता टॉर्च, म्हणजे ज्योतीनं कापणारं मशीनचं तोंड, खाली यायचा, लोखंडी प्लेटवर घासायचा, आणि त्याच्या टोकाचं नोझल जळायचं.

"शीले, तुया हात जड हाये," इंद्रभान म्हणाला. "भाकरी थापाले बरा."

"भाऊ, टॉर्चले माया हात लागतच नाही. त्याची उंची मशीन ठरवते."

"मंग मशीन भाकरी थापून राह्यली का?" वेल्डर मुन्ना म्हणाला. सगळे हसले.

इंद्रभाननं मशीन विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. "ऑपरेटर बदलून बघा," तो म्हणाला. फोन स्पीकरवर होता.

इंद्रभाननं सगळ्यांदेखत मान डोलावली. "सोमवारी अकोल्याचा माणूस येऊन राह्यला. तू आता घरी बस."

घरी बसणं म्हणजे काय, ते शीलाला ठाऊक होतं. पुढच्या हंगामाची गाडी आणि हातात कोयता. त्या रागात तिनं धनीबाईनं वाढलेलं ताट सरकवलं.

"अन्नावर कायले राग काढतं?" धनीबाई म्हणाली.

"मशीन खोटं बोलून राह्यली, याडी," शीला आईला म्हणाली. "अन् माळ माया नावाची."

टॉर्च आणि प्लेट यांच्यातलं अंतर मशीन पट्टीनं मोजत नाही. मधे जो आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटतो, त्याच्या व्होल्टवरून ओळखतं. टॉर्च वर गेला की व्होल्ट वाढतात, खाली आला की घटतात. आकडा ठरवल्यापेक्षा जास्त दिसला, की मशीन टॉर्च खाली घेतं. पण आकडाच चुकीचा वाचला जात असेल तर? पेटत्या आर्कला साधा मल्टिमीटर लावला तर मीटरच जळतो. मशीनला दाखवायला खरे, मोजलेले व्होल्ट हवे होते. कापताना आर्कला असतात तेवढे, सव्वाशेच्या आसपास.

शीलाची नजर खुंटीवरच्या किल्ल्यांवर गेली. तांडा उसाला गेला होता. मागं राहणाऱ्याकडे सगळ्यांच्या किल्ल्या असतात, तशा त्या धनीबाईकडे होत्या. आणि प्रत्येक कुलपामागं एक फवारणीचा पंप होता. प्रत्येक पंपात बारा व्होल्टची बॅटरी.

"नाही," धनीबाई म्हणाली. "किल्ल्या घर राखाले देल्या, उघडाले नाही."

शीलानं घरागणिक फोन लावला. फडावरून लालसिंगकाका ओरडला, "बॅटऱ्यावर रेल्वे चालवतं का व पोरी? ने! पण ज्याची त्याले परत ठेवजो."

बाकीच्यांनीही हो म्हटल्यावर धनीबाईनं स्वतः उठून कुलपं उघडली. दहा घरं, दहा बॅटऱ्या. प्रत्येकीवर तिनं वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. दोन दिवस त्या चार्जिंगला होत्या.

सोमवारी सकाळी शीला बॅटऱ्या घेऊन वर्कशॉपात शिरली. अकोल्याचा माणूस दुपारी यायचा होता. तिनं रबरी हातमोजे चढवले, दहाही बॅटऱ्या एकीला एक जोडल्या आणि टोकाच्या दोन तारांना मल्टिमीटर लावला.

"भाऊ, इकडं या. हा मीटर वाचा. मोठ्यानं."

"एकशे चोवीस."

तिनं त्याच दोन तारा मशीनच्या व्होल्ट वाचणाऱ्या कार्डाला जोडल्या. "आता स्क्रीन वाचा."

इंद्रभाननं स्क्रीन पाहिली, मग पुन्हा मीटर पाहिला.

"वाचा ना भाऊ. अकरा नोझलं मोजता आले तुमाले."

"एकशे अडोतीस."

"चौदा व्होल्ट जास्त. टॉर्च बरोबर असला तरी मशीनले वाटते लय वर हाये. म्हणून ते त्याले खाली दाबते. आता सांगा, कोणाचा हात जड?"

मुन्ना हसला नाही. शीलानंच इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर. आकडे ऐकून तो अडखळला. "व्होल्टला मशीन ज्यानं गुणतं तो गुणक... मशीन बसवताना अंदाजानं टाकला असेल, मॅडम."

"अंदाजानं," शीला म्हणाली आणि फोन कापला.

तिनं सेटिंगमधला गुणक बदलला. स्क्रीन एकशे चोवीसवर आली. तारा काढल्या तेव्हा शून्य. तिनं बॅटऱ्या सोडवून बाजूला ठेवल्या, नवं नोझल लावलं आणि फाळ कापायला घेतला. टॉर्च प्लेटवरून सरकत गेला, कुठंही न घासता. पहिला फाळ पडला. दुसरा. पाचवा. नोझल तेच.

"चला, सुधरली मशीन," इंद्रभान म्हणाला आणि वळला. "मुन्ना, ते माळ काढ रे."

शीलानं मशीन बंद केलं.

"मुन्ना नाही. तुमी टांगली, तुमीच काढा."

दारात तिघं-चौघं गिऱ्हाइकं उभी होती. इंद्रभाननं त्यांच्याकडे पाहिलं, मग बंद मशीनकडे. तो स्टुलावर चढला. तार सोडवताना नोझलं खडखडली.

"अन् अकोल्याच्या माणसाले फोन करा. म्हणा, येऊ नको."

त्यानं केला. मग शीलानं ओलं फडकं त्याच्या हातात दिलं आणि भिंतीकडे बोट केलं. इंद्रभान पुसू लागला. 'शीलाची' गेलं. 'कमाई' अजून दिसत होतं.

"नीट पुसा," ती म्हणाली.