सिनेमातल्या कासवाला घाई फार

मित्रहो, आज दिघीच्या जेट्टीवर माझ्या नातीने मलाच वाचायला शिकवलं.

आगरदांड्याची फेरीबोट यायला वेळ होता, म्हणून मी तिच्या लाडक्या कासवाचं जुनं पुस्तक काढलं. हे कासव प्रत्येक उत्तराआधी बराच विचार करतं. वाचताना मीही तिथे थांबतो आणि एरवी ती मध्येच स्वतःचं उत्तर ठोकून देते.

पण आज सकाळीच तिने माझ्यासोबत त्या कासवावरचा नवा सिनेमा पाहिला होता. गोष्टीतल्या खेकड्याने विचारलं, "वाट चुकलास का रे?" मी थांबलो.

"आबा, थांबताय काय? ते पटापट बोलतं आणि जोक मारतं!"

"आमचं पुस्तकातलं न्हाय मारत. तू सांग, काय म्हणेल?"

ती फुरंगटली. बोट दिसेपर्यंत गप्प बसली. मग म्हणाली, "चुकलं नाही ते. त्याला घरी जायचंच नव्हतं."

हे उत्तर पुस्तकात नाही आणि सिनेमातही नाही.

सिनेमावाल्यांनो, सिनेमे जरूर काढा, मी तिकीट काढून पाहीन. पण मुलांनी विचार करायची ती शांतता विनोदांनी भरून टाकायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? आणि आपण तरी मुलांना वाचून दाखवताना थांबतो का?