दोन नव्हे, आठ

"अम्माजी, शून्य से दस में बताइए, साँस कितनी फूलती है?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. शून्य म्हणजे दम लागतच नाही, दहा म्हणजे जीव जातोय. माझं खरं उत्तर होतं आठ. मी म्हणाले, "दो."

हा मूर्खपणा मी पूर्ण शुद्धीत केला. शेजारच्या खुर्चीवर माझ्या मोठ्या जाऊबाई बसल्या होत्या, सोबत म्हणून आलेल्या. त्यांच्यादेखत आठ? त्यापेक्षा जीव गेलेला बरा.

त्याचं असं की, इकडे हिंदी मुलखात, माधवगंजातल्या आमच्या मराठी घरी गणपतीच्या आरतीत एका जागी सूर लांबवायचा असतो. सगळे एकदम सुरू करतात, एकेक जण गळतो, आणि ज्याचा आवाज शेवटी उरतो त्याला पहिला मोदक. लग्न होऊन आले त्या वर्षापासून तो मोदक माझा. काय तो तोरा! छातीत लोहाराचा भाता होता आणि डोक्यातही बहुतेक हवाच. कोळशाच्या सिगडीत तोंड खुपसून फुंकणी मारायचे. सासूबाई म्हणायच्या, "तोंड बाजूला घे गं." मी म्हणायचे, "धूर माझं काय वाकडं करणार?"

धुराला घाई नव्हती. त्यानं मी म्हातारी होईपर्यंत वाट पाहिली, मग बरोब्बर वाकडं केलं. फुप्फुसांचा आजार, जन्माचा सोबती. जिना चढताना अर्ध्यावर थांबून मी भिंतीचा रंग तपासायचे, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळू नये. आणि गेली काही वर्षं मोदक जाऊबाई खात होत्या, तोही माझ्याकडे बघत बघत.

डॉक्टरीणबाई दवाखान्यात एक संशोधन करत होत्या, साधंच. औषधं तीच ठेवायची, पण श्वास घेण्याची रीत आणि चालण्याचा सराव शिकवायचा, आणि दम कमी लागतो का ते बघायचं. माझं 'दो' ऐकून त्या खूश झाल्या. "फिर तो आप ठीक हैं. ये क्लास उनके लिए है जिनकी साँस ज़्यादा फूलती है."

अब्रू राहिली, क्लास गेला. परतताना सवारीच्या टेम्पोत जाऊबाई म्हणाल्या, "दोनच? मग यंदा मोदकाची धास्तीच आहे बाई मला!"

दुसऱ्या दिवशी मी मुरारच्या बाजारात भाजी स्वस्त मिळते म्हणून घरात सांगितलं आणि एकटीच दवाखान्यात गेले. "बेटा, कल वाला दो जेठानी के लिए था. मेरा आठ है." ती डॉक्टर पोर इतकी हसली, की तिलाच दम लागला.

आजवर दम लागला की मी हावऱ्यासारखी हवा आत ओढायचे. तिनं उलटंच शिकवलं. जुनी हवा आत अडकून बसते, आधी तिला घालवा, मग नवीला जागा होईल. नाकानं घ्यायचा, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा, जणू समोर ज्योत आहे, ती हलावी पण विझू नये. म्हणजे फुंकणीच की! फक्त धूर वजा. शिवाय खुर्चीतून ऊठबस, व्हरांड्यात फेऱ्या, आणि तोंडात मारायचा औषधाचा पंप चुकवायचा नाही. आजार कुठे गेला नाही, पण आठाचे सहा झाले, सहाचे चार. मी जिन्यात उजळ माथ्यानं थांबू लागले. श्वास सोडायचा, पुढची पायरी.

गणपती आले. आरती त्या जागी पोचली. नातू कानाशी म्हणाला, "आजी, रहने दो ना!" मी समईकडे बघत खालच्या पट्टीत, अगदी बारीक सूर लावला. ज्योत विझू द्यायची नाही, बस. नातू गळाला, मुलगा गळाला, सुना गळाल्या. उरलो आम्ही दोघी. जाऊबाईंचा आवाज खणखणीत. त्यांना मला हरवायची घाई, मला कसलीच नाही. त्यांचा सूर थरथरला, चिरकला, थांबला. माझा दोऱ्याएवढा होता, पण होता!

पहिला मोदक मी खूप वेळ खाल्ला. कुणाकडे बघत, ते सांगायला नको.

पानं वाढायच्या आधी जाऊबाई स्वयंपाकघरात आल्या, दार लोटलं, पाटावर टेकल्या आणि म्हणाल्या, "चोरटे, जिथे शिकलीस तिथे मलाही चुपचाप घेऊन चल. जिन्यातला रंग मीही वर्षभर तपासतेय. पण त्यांनी आकडा विचारला ना, की तू बाहेर जाऊन बस."