आठ वॅटचा ॲम्प्लिफायर आणि आप्पांचं शेवटचं कडवं

ब्लाऊजपीस घ्यायला गेलेल्या बाईला नेरूळचा मॅचिंग सेंटरवाला जो मान देतो, तो मला एकाही स्पीकरवाल्याने दिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी मध्येच ओरडलो तर कुणी दचकणार नाही. माझी बायको साडी घेऊन जाते. मॅचिंगवाला ती दुकानाबाहेर उन्हात आणतो, एकेक हिरवा तागा काठाला लावून बघतो आणि तोंडावर सांगतो, "ताई, यातला एकही चालणार नाही." गिऱ्हाईक सोडतो, पण चुकीचा हिरवा गळ्यात मारत नाही.

माझी साडी म्हणजे माझा ॲम्प्लिफायर. व्हॉल्व्हचा, म्हणजे मंद पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांचा. परदेशी मुलाकडे निघालेल्या एका गृहस्थांकडून घेतला. दिसायला राजा, वजनाला तिजोरी आणि ताकद आठ वॅट. हसू नका. आठ वॅट पुष्कळ होतात, फक्त स्पीकर हलका हवा, थोड्या विजेत मोठ्याने बोलणारा. काही स्पीकर दिसायला नाजूक आणि ढकलायला म्हैस असतात. त्यांना दोनशे वॅटचा पैलवानच लागतो.

आणि हा सगळा उपद्व्याप होता आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी दिवसा गोदीत कारकुनी आणि संध्याकाळी गायन पार्टीत भीमगीतं. ढोलकीवर माझा सख्खा मामा, म्हणजे आप्पांचा मेहुणा. पनवेलकडे जयंतीच्या एका कार्यक्रमात शेवटच्या कडव्यात गाणं एकीकडे आणि ढोलकी दुसरीकडे गेली. स्टेजवरून उतरल्या उतरल्या मामाने जाहीर केलं, "दाजी बेताल झाले." कुणीतरी कार्यक्रम टेप केला होता. ती टेप सगळ्यांनी ऐकली, आप्पांनीही ऐकली, आणि आरोप मान्य करून गाणंच सोडलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात मामा हा किस्सा सांगतो, वर जिलेबी खातो.

मी ती कॅसेट फोनमध्ये उतरवून घेतली. लावली की आप्पा पाणी प्यायला उठतात आणि परत येत नाहीत. पण मला एक शंका होती. छोट्या स्पीकरमध्ये ढोलकीची नुसती टकटक ऐकू येते. डाव्या अंगाची धुम, जिच्यावर ठेका उभा असतो, ती येतच नाही. धुम ऐकल्याशिवाय कोण चुकलं हे ठरवलं कोणी? मला हा खटला पुन्हा उभा करायचा होता.

म्हणून वाशीचं स्पीकरचं दुकान. काचेचा दरवाजा, आत हिमालय. टाय लावलेला विक्रेता आम्हाला दोन उंच, चकचकीत, कमरेत बारीक स्पीकरांसमोर घेऊन गेला. बरोबर आप्पा होते. "चल, एसीत बसू" म्हणून आले होते, खरं कारण मी सांगितलं नव्हतं.

"माझा ॲम्प खाली गाडीत आहे. त्याला जोडून दाखवा."

"सॉरी सर, बाहेरचा ॲम्प आम्ही जोडत नाही. पॉलिसी आहे."

"मग मॅच होतो की नाही कळणार कसं?"

"सर, हे स्पीकर कशालाही मॅच होतात."

कशालाही! मी खाली गेलो, चादरीत गुंडाळलेली ती तिजोरी छातीशी धरून वर आणली, त्यांच्या गालिच्यावर ठेवली आणि शेजारी मांडी घालून बसलो. दुसरं एक जोडपं सोफ्यावरून बघायला लागलं. विक्रेत्याने घाईघाईने वायरी जोडल्या.

आधी त्याचं गाणं. कोणी परदेशी बाई कानात कुजबुजत होती. हाय-फाय दुकानांत जगभर हीच बाई बसवलेली असते. मग मी फोन पुढे केला. आप्पांनी पहिल्या सुरातच ओळखलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा सहावीत गेलो. ढोलकी आली ती ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखी. आठ वॅट बिचारे त्या म्हशीला ढकलता ढकलता बसले. धुम होती, पण कुठे सुरू होते आणि कुठे संपते, पत्ता नाही. शेवटचं कडवं नुसता चिखल.

विक्रेता हळहळला. "सर, रेकॉर्डिंग पुअर आहे. असलं काही या सिस्टिमवर लावू नये."

"ऐकलंस?" आप्पा उठले. "दुकानदार पण तेच म्हणतोय."

असलं काही! माझ्या बापाच्या गळ्याला हा असलं काही म्हणतो! मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण त्याचं उत्तर लिहितो. "सर, तुम्ही आमचा दोनशे वॅटचा ॲम्प घ्या ना." म्हणजे ब्लाऊजपीस जुळत नाही, तर साडी बदला!

पुढच्या रविवारी उलव्याला गेलो. तिथल्या एका दंतवैद्यांना आपले जुने स्पीकर विकायचे होते. खरं तर त्यांच्या पत्नीला विकायचे होते. बुटक्या कपाटाएवढे दोन लाकडी खोके, पुढे कागदी पडद्याचा परातीएवढा गोल. आप्पा गाडीतच बसणार होते, पण बाई खाली येऊन म्हणाल्या, "काका, चहा टाकलाय, वर या. आणि यांना मोह पडायच्या आत हे खोके तुमच्या मुलाच्या गळ्यात घाला."

"हे हलके आहेत," डॉक्टर खोक्यावर हात फिरवत म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"हलके? सोफा हलवला की माझी कंबर जाते," बाई म्हणाल्या.

ॲम्प जोडला. आवाजाचं बटण पावही फिरवलं नव्हतं आणि आप्पा खोलीत उभे राहिले. खुर्चीतले नव्हे, स्टेजवरचे, तरणे. आणि शेजारी ढोलकी, धुम वेगळी, टक वेगळी. खुर्चीतले आप्पा पाण्यासाठी उठायला अर्धे वर आले आणि तसेच थांबले, हात खुर्चीच्या दांड्यावर. शेवटचं कडवं आलं.

"थांब," ते म्हणाले. "मागे घे."

मागे घेतलं.

"परत."

परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी बोटाने हवेत ठेका धरला, आणि बोट जिथे खाली आलं त्याच्या आधीच धुम वाजून गेली.

"धावला! हा धावला!" आप्पा गरजले. डॉक्टरांचा चहा सांडला. "मी जागेवर आहे! हा हरामखोर पुढे पळाला आणि मला सांगतो बेताल! लाव फोन त्याला!"

मामा करंजाड्याला राहतो. माझा फोन गाण्यात अडकलेला, म्हणून आप्पांच्या फोनवरून लावला आणि तो स्पीकरसमोर धरला. पूर्ण कडवं ऐकून मामा शांतपणे म्हणाला, "दाजी, तुमच्या पोराने घेतलेला डबा गंडलाय. स्पीकर बदला."

मी आयुष्यात एवढा संतापलो नव्हतो. ती तिजोरी छातीशी धरून मी वणवण फिरलो, आणि ह्या माणसाला दोष कुठे दिसतो, तर स्पीकरमध्ये!

"उचल," आप्पा म्हणाले. "करंजाड्याला चल. त्याच्या घरात लावू, त्याच्या बायकोसमोर."

"काका, दुसरा खोकाही न्या हं," मी पैसे मोजून देताच बाईंनी लिफ्ट अडवून धरली.

ॲम्प पुढे आप्पांच्या पायाशी, खोके मागच्या सीटवर आडवे. गव्हाण फाट्यापर्यंत आप्पांनी ते कडवं मला गाऊन दाखवलं, मोठ्याने, डॅशबोर्डवर ठेका धरून. दर वेळी मध्येच थांबून विचारायचे, "सांग, आता कोण पुढे गेलं?" समोर कंटेनर होता, मी ब्रेक दाबला. त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.