मास्तरांचं चुकलेलं बटण

बासष्टाव्या वर्षी शिंपीमास्तरांचं पाऊल घसरलं, ही कुजबुज निघाली इस्त्रीवाल्याच्या टेबलावरून. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मास्तर बेकरीवरचा जिना चढतात, तासाभराने उतरतात तेव्हा डोळे लाल, केस विस्कटलेले. वर कोण राहतं, तर एकटी बाई. बाकीचं ज्याने त्याने आपापल्या वकुबाप्रमाणे भरून घेतलं.

मास्तरीणबाईंनी कानाडोळा केला. दुकानात मास्तर कापड कापत, त्यांचा धाकटा भाऊ शिवत असे आणि त्या काजबटणं करत. लोकांच्या तोंडापेक्षा कापडावर त्यांचा विश्वास जास्त. पण एका शुक्रवारी मास्तर दोऱ्याची रिळं आणायला म्हणून गेले आणि आले ते बटण भलत्याच काजात घालून. ज्या माणसाची कॉलर स्वतःच्या लग्नातही सूतभर हलली नव्हती, त्याचा शर्ट तिरका. रिळं तर नव्हतीच. पुरावा नेमका त्यांच्याच खात्यातला निघाला होता.

मंगळवारी त्या मागोमाग जिना चढल्या. दार नुसतं लोटलेलं. आत खाटेवर मास्तर उताणे, कॉलर मोकळी. उशाशी स्टुलावर पिकल्या केसांची एक बाई त्यांच्या मानेखाली दोन्ही तळवे ठेवून बसलेली. दाबणं नाही, चोळणं नाही. मास्तर घोरत होते.

तिने डोळ्यांनीच खुर्ची दाखवली आणि हळू आवाजात सांगितलं, की आखडलेले खांदे मी मोकळे करते; पहिल्या चार खेपा यांनी डोकं माझ्या हातात दिलं खरं, पण धरून ठेवलं स्वतःच. पाचव्या खेपेला कुठे सोडलं, तेव्हापासून आले की झोपतात. मास्तरीणबाईंनी विचारलं, जरा रगडून का काढत नाही?

"रगडलं की खांदा हट्टाला पेटतो," ती म्हणाली. "नुसता हात ठेवला की कंटाळून सैल होतो."

मास्तरांनी डोळे उघडले. समोर बायको. पळायला जागा नव्हती.

"हात वर जात नाही गं," ते म्हणाले. "कात्री पेलत नाही. धाकट्याला कळलं तर कटिंगचं टेबल त्याचं."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तू भांडणात त्याच्यासमोर बोलून गेली असतीस."

दिराला चार शब्द सुनावायची संधी त्यांनी आजवर सोडली नव्हती. त्या उठल्या, नवऱ्याच्या शर्टाची बटणं खालून वर नीट लावली आणि दोघं पुढेमागे जिना उतरले.

त्यानंतर तीन महिने त्यांनी दिरासमोर तोंडाला कुलूप घातलं. दीर घाबरला, वहिनी आजारी आहे का, असं त्याने दोनदा विचारलं. चौथ्या महिन्यात मास्तरांनी त्याच्यादेखत कोटाचं जाड कापड एका दमात कापलं. टेबल त्यांचंच राहिलं.

खरं एवढंच होतं. मास्तर तिथे पाऊण तास झोपत, आणि अर्धवट झोपेत त्यांचं बटण चुकलं.