बांधावरचं गौरीफळ

उचगावच्या शिवारात मष्णूचा बांध लांबून ओळखू यायचा. भाताची कापणी झाली की तो खुरपं-कुदळ घेऊन बसायचा आणि बांधावर गवताची काडी ठेवायचा नाही. वाटेवरचं कुणी म्हणायचं, "आण्णा, बांध काढलाय का चूल सारवलीया?" मष्णूला आयुष्यात याहून मोठा मान मिळाला नव्हता, आणि त्याला तो पुरायचा.

त्या बांधाच्या टोकाला त्याच्या बायकोनं, मालुबाईनं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गौरीफळाचं मूळ लावलं होतं. माहेरच्या खानापूरच्या रानातून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं. काटेरी, पांढुरक्या फांद्यांचं रानझुडूप. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला काळी, दाणेदार, आंबटगोड फळं येतात. मष्णूच्या बांधावर चाळीस वर्षांत एक आलं नाही. झुडूप फुटायचं आणि मष्णू ते बुडापासून छाटायचा. "काटं बैलाला लागत्यात," म्हणायचा. पुढं बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी छाटायचाच.

मालुबाई दोन-तीनदा बोलली, मग बोलायची थांबली. माहेरी गेली की पोटभर खाऊन यायची. नंतर तिकडची डोंगरउतरण कुणी तरी विकत घेतली, यंत्र लावून साफ केली, काजू लावले. तिथलंही संपलं.

गेल्या श्रावणात तिच्या पोटात गाठ निघाली. बेळगावच्या डॉक्टरांनी औषधं दिली, पण फार आशा दिली नाही. जेवण जाईना. सून मंजुश्री विचारायची, "आत्ती, काय खावंसं वाटतंय?"

"गौरीफळ," ती एकदा म्हणाली. "पर ते कुठलं आता."

मष्णू बाहेर सोप्यात बसला होता. त्यानं ऐकलं. बऱ्याच वेळानं आत येऊन तिच्या उशाशी टेकला. "त्याला फळ कसं धरतंय गं?"

ती त्याच्याकडे वळली. "चाळीस वर्सांनी इचारतायसा."

"व्हय."

"औंदाच्या फांदीला फळ येत न्हाय. ती नुसती वाडती. पुढल्या उन्हाळ्याला तिलाच फळ धरतंय, मग ती वाळती. वाळकी तेवढी काढायची. तुमी हिरवीच कापत आलासा." तिला धाप लागली. मग म्हणाली, "फांदी वाकून शेंडा भुईला टेकला की त्याच्यावर माती वढायची. तितं मूळ फुटतंय."

म्हणजे यंदा फांद्या राखल्या तर उन्हाळ्यात फळ. तोवर ती राहिली तर. मष्णू रोज बांधावर जाऊ लागला. एक लांब फांदी वाकवून तिचा शेंडा त्यानं मातीत दाबला, वर दगड ठेवला. हे कुणाला सांगितलं नाही. बांध चकचकीत ठेवणारा माणूस काटे जपतोय म्हटल्यावर लोक हसले असते, आणि का जपतोय हे सांगणं त्याहून अवघड होतं.

मार्गशीर्षात मालुबाईला आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. मष्णू तिथंच बाकावर झोपला. परत आला तेव्हा चुलतभाऊ भावकू वेशीपाशीच भेटला.

"आण्णा, काळजी करू नगासा. तुमचा बांध आमी चौघांनी काढला. तुमचा बांध घाण ऱ्हायला तर बरं दिसतंय व्हय? मजुरी-बिजुरी काय नगं."

मष्णू तसाच शेतात गेला. बांध अगदी त्याच्या हातानं काढावा तसा निघाला होता. गौरीफळाच्या फांद्यांचा ढीग अर्धा जळून विझला होता. कडेला दगडापाशी तो शेंडा उपसून टाकलेला, त्याला केसासारखी पांढरी मुळं. मष्णूनं तो धोतराच्या सोग्यात घेतला आणि परसात, पेरूच्या सावलीत लावला.

मालुबाईला त्यानं सगळं सांगितलं.

"भावकूला काय बोललासा?"

"काय न्हाय. घरी आणून च्या पाजला."

"बरं केलासा. त्यानं मायेनंच केलंय." मग तिनं विचारलं, "शेंडा जगला तर फळ कवा?"

"पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात."

तिनं कूस बदलली.

माघात ती गेली. शेंडा जगला आहे, त्याला दोन हातभर फांद्या आल्यात. भावकू परवा चहाला आला तेव्हा म्हणाला, "ह्ये काटं कशाला ठेवलाईसा आण्णा? पोरास्नी लागतील."

"ऱ्हाऊ दे," मष्णू म्हणाला, आणि त्यानं त्याच्यापुढं चहा सरकवला.